ईरा जिथे उठून गेली

सिंगापूरला लोक फिरायला जातात, खरेदीला जातात, गेला बाजार नातवंडं सांभाळायला तरी जातात. मी एका बाईंचा होकार मागायला चालले होते. विमानतळावर सोडायला आलेला माझा नवरा म्हणाला, "नाही म्हणाल्या तर चार दिवस मजा करून ये." शुभ बोल रे नाऱ्या म्हणतात ते याच्यासारख्यांना बघूनच सुचलं असावं. मी मागे वळून न बघता आत गेले.

त्या बाईंचं नाव कानाए इवासुगी. मुलांसाठी अद्भुत कादंबऱ्या लिहिणाऱ्या जपानी लेखिका. मी पुण्यात जपानी शिकवते. माझ्याकडे येणारी पोरं नोकरीसाठी शिकतात, परीक्षा पास झाली की पेढे देतात आणि जातात. गोष्टी वाचायला म्हणून जपानी शिकणारा अजून मला भेटायचा आहे. पण अशाच एका विद्यार्थिनीने जपानहून येताना इवासुगींच्या मालिकेचं पहिलं पुस्तक आणून दिलं आणि मी त्यात जी गुंतले ती गुंतलेच. डोंगरातलं एक गाव आहे. तिथे प्रत्येक घराने एक वारा पाळलेला आहे, आपण मांजर पाळतो तसा. तो चुलीपाशी झोपतो, धान्य पाखडायला मदत करतो, रुसतो. एक मुलगी आपल्या घरच्या वाऱ्याला रागाच्या भरात बोल लावते आणि तो घर सोडून जातो. पुढची सगळी पुस्तकं ती त्याला शोधते आहे.

पहिला भाग मी मराठीत करून टाकला. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. पुण्यातले एक प्रकाशक छापायला तयारही झाले, पण लेखिकेच्या परवानगीवाचून ते एक पान लावणार नव्हते, आणि इवासुगी बाई परवानगी न देण्याबद्दल प्रसिद्ध होत्या. भल्याभल्या भाषांतरकारांना त्यांनी हात हलवत परत पाठवलं होतं. माझ्या विनंतीला त्यांच्याकडून उत्तर आलं ते असं: बालसाहित्याच्या एका संमेलनासाठी त्या सिंगापूरला येणार आहेत, तिथे भेटा. येताना तुमची भाषा समजणारं एक मूल बरोबर आणा. त्याला वाचून दाखवा. त्या भाषांतर बघत नाहीत, ऐकणाऱ्या मुलाकडे बघतात.

मूल माझ्याकडे होतं. म्हणजे मला तसं वाटत होतं. माझी भाची मुग्धा आणि तिचा नवरा सिंगापुरातच आयटीत नोकरीला, आणि त्यांची मुलगी ईरा आठ वर्षांची. घरात मराठीच बोलतो गं मावशी, असं मुग्धा फोनवर नेहमी सांगायची.

विमानतळाबाहेर पडल्याबरोबर दमट हवेने चष्म्यावर वाफ धरली. देशाला पन्नास वर्षं होणार म्हणून रस्तोरस्ती लाल-पांढरे झेंडे लागले होते. टॅक्सीतला एसी इतका गार की मी पदर डोक्यावरून घेतला, तर चालक काकांनी आरशात बघून विचारलं, देवळात जायचं आहे का. मुग्धा राहते तो बिशान भाग सांगितल्यावर ते खूश झाले. त्यांची नात तिथल्याच शाळेत होती म्हणे.

मुग्धाचं घर बाराव्या मजल्यावर. दार ईराने उघडलं. मी म्हटलं, "ओळखलंस का मावशीआजीला?" ती म्हणाली, "Yah, from Skype." तिला विचारलं, शाळा कशी आहे? "Okay lah." जेवलीस का? "Not yet." मी मराठीत विचारत होते, ती इंग्रजीत उत्तर देत होती, आणि मुग्धाला यात काही वेगळं वाटतच नव्हतं. समजतं तिला सगळं, असं मुग्धा म्हणत राहिली, पण माझा विश्वास बसेना.

दुसऱ्या दिवशी संमेलनाला जायला निघाले. एमआरटीच्या (तिथल्या मेट्रोच्या) फाटकावर कार्ड टेकवायचं सोडून मी ते यंत्रात सरकवायला फट शोधत बसले, तेव्हा मागच्या बाईंनी माझा हात धरून तो जागेवर टेकवला आणि एक शब्दही न बोलता पुढे निघून गेल्या. दुपारी हॉकर सेंटरमध्ये (हातगाड्यांना छपराखाली बसवून केलेलं सार्वजनिक खाणावळींचं आवार) गर्दी होती. एका रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट पडलं होतं. बिचारं कोणाचं तरी विसरलं, असं म्हणून मी ते शेजारच्या टेबलावर ठेवलं आणि ऐसपैस बसले. थोड्या वेळाने ऑफिसातली दोन माणसं वाफाळत्या नूडल्स घेऊन माझ्यासमोर उभी. पाकीट ठेवलं म्हणजे जागा धरली, असा इथला रिवाज आहे, हे मला त्यांनीच समजावून सांगितलं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून वाढलेली मी, मला हे कळायला हवं होतं. त्यांनी सरकून मला जागा दिली आणि माझा डोसा, ज्याला तिथे तोसाई म्हणतात, मी त्यांच्यासोबतच खाल्ला.

संमेलनाचं सभागृह मोठं होतं आणि आत पुन्हा तीच थंडी. इवासुगी बाई व्यासपीठावर आल्या तेव्हा मला आधी त्या दिसल्याच नाहीत, इतक्या ठेंगण्या. वय सत्तरीच्या पुढे, पायात कापडी बूट. सगळे त्यांना सेन्सेई (गुरुजनांना लावायचा आदराचा शब्द) म्हणत होते, मीही तेच म्हणते.

त्या आपल्या लेखनाबद्दल बोलल्या. त्यांचे काका सायकलवर लाकडी चौकट लावून गल्लोगल्ली कामिशिबाई (चित्रांचे पुठ्ठे एकेक सरकवत गोष्ट सांगायचा खेळ) करायचे. पोटापाण्याला गोळ्या विकायचे. गोष्ट कंटाळवाणी झाली की पोरं गोळी चोखत घरी जायची, आणि उद्या यायची नाहीत. पुढे टीव्ही आला, काका घरी बसले. सेन्सेई एका वॉर्डातल्या वाचनालयात कारकून झाल्या. तिथे मुलांना पुस्तकं वाचून दाखवायचं काम कोणी करेना, ते त्यांच्या गळ्यात पडलं. चाळिशी उलटल्यावर त्यांनी स्वतः लिहायला घेतलं. प्रकाशकांनी परत पाठवलेला हस्तलिखिताचा जाडजूड गठ्ठा त्यांनी वाचनालयातल्या मुलांना वाचून दाखवला आणि जिथे मूल उठून गेलं तिथे समासात खूण केली. पुन्हा दुसऱ्या मुलांपुढे वाचला. त्याच जागी पुन्हा कोणी उठलं की तो मजकूर काढून टाकायचा. असं करत करत गठ्ठा बारीक झाला आणि त्याचं पहिलं पुस्तक झालं.

सात पुस्तकं त्यांनी याच पद्धतीने लिहिली. पाचव्यानंतर यजमानांनी अंथरूण धरलं आणि कित्येक वर्षं त्यांनी एक ओळ लिहिली नाही. सहावं आलं तेव्हा पहिल्या पुस्तकाचे वाचक आपापल्या मुलांना घेऊन दुकानात आले होते. शेवटच्या पुस्तकात वारा परत येत नाही. त्यावर मुलांनी रागावून पत्रं पाठवली, आणि त्यांनी प्रत्येकाला उत्तर लिहिलं. सिनेमावाल्यांना त्यांनी का नकार दिला, असं कोणीतरी विचारलं. मूल उठून गेलं तरी सिनेमा चालूच राहतो, एवढंच त्या म्हणाल्या.

ऐकताना मला भरून आलं. आपण कोणाच्या दारात उभ्या आहोत हे मला तिथे बसून कळलं.

नंतर मी त्यांना गाठलं आणि लवून नमस्कार केला. माझं जपानी ऐकून त्या हसल्या, छान बोलता म्हणाल्या. मग लगेच मुद्द्याला आल्या. मूल कोण आहे? माझ्या भाचीची मुलगी. मराठी समजतं? मी छातीठोकपणे हो म्हणाले. मग शनिवारी तिच्याच घरापाशी भेटू, त्या म्हणाल्या. हॉटेलात मुलं अवघडतात.

घरी येऊन मी मुग्धाला सगळं सांगितलं आणि आम्ही दोघी कामाला लागलो. आता बघा, एक पुण्याची मास्तरीण, आणि दुसरी सिंगापुरात मुलीला गणिताची वेगळी आणि हिंदीची वेगळी ट्यूशन लावणारी आई. या दोघींनी मिळून काय करावं? आम्ही ईराची तयारी करून घेतली. पहिलं प्रकरण मी वाचायचं, मुग्धाने कठीण शब्दांचे अर्थ सांगायचे. वारा पिठाच्या डब्यात शिंकतो तिथे हसायचं. मुलगी त्याला बोलते तिथे तोंडावर हात न्यायचा. गॅदरिंगच्या नाटकासारखं आम्ही ते शाळा सुटल्यापासून जेवणापर्यंत घोटलं. एखाद्या ठिकाणी ती चुकली की मुग्धा म्हणायची, परत एकदा. ईरा दर वेळी शेवटी विचारायची, "Then what happen?" आणि मी म्हणायची, आधी हे नीट होऊ दे, मग पुढचं. शुक्रवारपर्यंत ते इतकं नीट झालं की मी समाधानाने झोपले.

शनिवारी सेन्सेई एमआरटीने एकट्याच आल्या. व्हॉइड डेकवर (इमारतीखालची खांबांची मोकळी जागा) दगडी टेबलं आहेत, तिथे आम्ही बसलो. पलीकडे एक आजोबा चिनी पेपर वाचत होते आणि खांबापाशी एक लांडं मांजर पसरलं होतं. मुग्धा साबुदाणावड्यांची ताटली ठेवून जरा लांब जाऊन उभी राहिली. सेन्सेई माझ्याकडे पाठ करून, ईराकडे तोंड करून बसल्या.

मी वाचायला लागले. ईरा फारच छान ऐकत होती. शिंकेच्या जागी हसली, रागाच्या जागी तोंडावर हात नेला, पाय हलवले नाहीत. माझा आवाज चढत गेला. आता होकार मिळाला, असं मला मनातल्या मनात वाटायला लागलं. प्रकरण संपलं. सेन्सेई माझ्याकडे वळल्या.

"हिने ही गोष्ट आधी ऐकली आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "ती वाऱ्याकडे बघत नव्हती. तुमच्याकडे बघत होती, कधी हसायचं ते कळायला."

धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. थाप मारायचं सुचलंही नाही. आम्ही काय केलं ते मी खाली मान घालून सांगितलं. लांबून मुग्धाला जपानीतलं अक्षर कळत नव्हतं, पण माझा चेहरा बघून ती जवळ आली आणि काय झालं म्हणून विचारायला लागली. मी तिला गप्प केलं. आता संपलंच सगळं, परत जाऊन नवऱ्याचं तोंड बघायचं, एवढंच डोक्यात होतं.

सेन्सेई रागावल्या नव्हत्या. त्यांनी एक वडा उचलला, अर्धा खाल्ला. मग म्हणाल्या, "काका मला पहिल्या रांगेत बसवायचे. हसायला. म्हणून मला ओळखता येतं."

मग त्यांनी ईराकडे बोट केलं आणि हिला काही सांगायचं आहे का, ते विचारा म्हणाल्या. मी विचारलं. ईराने आधी आईकडे बघितलं. आता बोललं तर चालेल का, असा तिचा चेहरा होता.

"मावशीआजी सांगतच नाही," ती म्हणाली, आणि ते मराठीत म्हणाली. "रोज विचारते मी. वारा गेला कुठे? She keep saying later, later."

मी ते जसंच्या तसं जपानीत सांगितलं. सेन्सेई पहिल्यांदा मनापासून हसल्या. मग वाचा ना पुढचं, म्हणाल्या.

दुसरं प्रकरण आम्ही घोटलं नव्हतं. मी वाचायला लागले आणि दोन मिनिटांत माझी खात्री पटली की आता बट्ट्याबोळ होणार. ईरा आता पहिल्यासारखी गुणी मुलगी उरली नव्हती. ती टेबलावर कोपरं टेकून ओणवी झाली, पाय हलवायला लागली. "खळं म्हणजे काय?" मी सांगितलं. "उंबरा कुठे असतो? आपल्याकडे आहे?" नाही, सांगितलं. मुलीने वाऱ्यासाठी रात्रभर दार उघडं ठेवलं, तेव्हा ईरा म्हणाली, पण मग चोर येतील ना. मी पुढे वाचत राहिले.

आणि मग तो परिच्छेद आला. दार उघडं टाकून मुलगी डोंगराकडे बघते आणि समोरच्या उतारावरच्या गवतांचं वर्णन येतं. मूळ जपानीत त्या गवतांची एकामागून एक नावं आहेत. त्यांना मराठी नावं शोधायला मी भोरपर्यंत जाऊन आले होते. मारवेल, पवना, शेडा, कुसळी, ओढ्याकाठचा लव्हाळा. माझ्या सबंध भाषांतरात तेवढ्या परिच्छेदावर माझा जीव होता. खरं सांगायचं तर बाकी पुस्तक कोणीही केलं असतं, हा परिच्छेद मीच करू जाणे, असं मला वाटत असे.

मी तो सुरू केला आणि ईरा उठली. सरळ त्या लांड्या मांजरापाशी गेली, उकिडवी बसली आणि त्याच्या मानेला खाजवायला लागली. मी आवाज मोठा केला. ती वळेना. मुग्धा तिला हाक मारायला पुढे झाली, पण सेन्सेईंनी हात वर करून तिला थांबवलं आणि मला वाचत राहायची खूण केली. मी वाचत राहिले. पवना, शेडा, कुसळी, सगळं पेपरवाल्या आजोबांना ऐकवत. परिच्छेद संपला, आणि पुढच्या ओळीत दार आपोआप हललं. तेवढं मात्र ईराच्या कानावर गेलं असावं. ती मांजर सोडून धावत आली. "आला? वारा आला?"

प्रकरण संपेपर्यंत ती जागची हलली नाही. संपल्यावर म्हणाली, अजून वाच. मी सेन्सेईंकडे बघितलं. त्या टेबलावर हात ठेवून बसल्या होत्या.

"मधे ती उठून गेली," त्या म्हणाल्या. "तिथे काय होतं?"

"उतारावरचं गवत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

मग त्यांनी सांगितलं की वाचनालयातली मुलंही तिथेच उठायची. दर वेळी, तिथेच. समासात तिथे इतक्या खुणा झाल्या होत्या की कागद काळा दिसायचा. मी विचारलं, मग ठेवलंत कसं? तो उतार खरा होता, त्या म्हणाल्या. त्यांच्या आईच्या माहेरचा. लहानपणी त्या गवतात त्या हरवायच्या. पुढे डोंगर सपाट करून तिथे गोल्फचं मैदान केलं. तेवढं एकदा त्यांनी मुलांचं ऐकलं नाही, कारण तो उतार आता दुसरीकडे कुठे राहिलाच नव्हता.

मग त्या म्हणाल्या, "करा मराठीत. तुमच्या गोष्टीत मुलं माझ्या गोष्टीतल्याच जागी उठतात. याहून जास्त मला काही बघायचं नाही. फक्त ते गवत काढून टाका."

होकार मिळाला होता. उड्या मारायला हव्या होत्या मी. त्याऐवजी मी भांडायला लागले. राहू दे ना, म्हटलं. तुम्हाला प्रिय आहे, मलाही आहे. भोरला जाऊन नावं आणली आहेत. एक मूल उठलं म्हणून काय झालं?

"एक नाही," त्या म्हणाल्या. "जपानीत आता छापून गेलं, तिथे माझा इलाज नाही. मराठीत अजून हातात आहे."

माझे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी बघितलं. मुग्धाला त्यांनी खुणेने ईराला वर घेऊन जायला सांगितलं. त्या दोघी लिफ्टकडे गेल्यावर माझ्या जवळ सरकल्या आणि म्हणाल्या, तेवढंच एकदा वाचा. मला.

मी वाचलं. त्यांना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. डोळे मिटून त्या ऐकत होत्या. एकेका नावापाशी मी जरा थांबायची, आणि त्या ओठातल्या ओठात त्या गवताचं जपानी नाव म्हणायच्या. क्रम त्यांना पाठ होता. कुसळीच्या जागी त्यांचं जे गवत होतं ते म्हणताना त्यांनी पोटरीवरून हात फिरवला, अजूनही टोचत असल्यासारखा. लव्हाळ्याशी आम्ही दोघी थांबलो.

"सुंदर झालं आहे," त्या म्हणाल्या. "आता काढा."

त्या दिवशी स्टेशनापर्यंत मी त्यांना सोडायला गेले. फाटकावर त्यांनी कार्ड टेकवलं, वळून लवून नमस्कार केला आणि सरकत्या जिन्यावरून खाली गेल्या. नंतरचे दोन दिवस मुग्धाने मला बागा दाखवल्या, बेडोकच्या बाजारात नेऊन फळं खाऊ घातली. मी फिरले, पण लक्ष कशात नव्हतं. होकार मिळाल्याचा आनंद खूप होता आणि त्याच्याबरोबर एक दुखणंही होतं, दोन्ही एकदम. नवऱ्याला फोनवर फक्त हो म्हणाल्या एवढंच कळवलं.

परतीच्या विमानात मी हस्तलिखित उघडलं आणि तो परिच्छेद आडव्या रेघेने काढून टाकला. सोपं वाटलं होतं, पण पेन टेकवायला वेळ लागला. मग मागचं-पुढचं वाचून बघितलं. मुलीने दार उघडं ठेवलं, आणि दार हललं. मला फार वाईट याचं वाटलं, की ते खरोखरच जास्त चांगलं झालं होतं.

पुण्यात आल्यावर छापायला देण्याआधी मी ते प्रकरण ईराला स्काइपवर वाचून दाखवलं. ती पलंगावर पालथी पडून ऐकत होती, हनुवटीखाली उशी घेऊन. मुलीने दार उघडं ठेवलं इथपर्यंत मी आले आणि पुढची ओळ माझ्या तोंडून निघेना. ईरा उठली नाही. स्क्रीनच्या अगदी जवळ तोंड आणून ती म्हणाली, "मावशीआजी, का थांबलीस?"